काँगो: इतकी श्रीमंत जमीन, इतके गरीब लोक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

काँगोविषयी बोलायला आणि लिहायला लागल्यापासून लोक जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे थोडक्यात सांगितलं की चुकीचं सांगितल्यासारखं होतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: काँगोची गरिबी माणसांनी घडवलेली आहे, आणि ती कोणी, कशी, कुठल्या सालात घडवली हे नावानिशी सांगता येतं.

काँगो दोन आहेत ना? यातला कुठला?

हो, दोन आहेत. काँगो नदीच्या एका काठावर किन्शासा आणि समोरच्या काठावर ब्राझाव्हिल. दोन देशांच्या राजधान्या एकमेकींना दिसतात. ब्राझाव्हिलचा काँगो फ्रेंचांकडे होता, तो लहान. इथे बोलतोय तो किन्शासाचा, म्हणजे काँगो लोकशाही प्रजासत्ताक, बेल्जियमची जुनी वसाहत. १९७१ ते १९९७ या काळात त्याचं नाव झाईर होतं, म्हणून शाळेतल्या जुन्या नकाशात तेच सापडेल. क्षेत्रफळ सुमारे २३.४५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे सात महाराष्ट्र मावून वर जागा उरेल. लोकसंख्या १० कोटींच्या पुढे.

तिथे जमिनीत नेमकं आहे तरी काय?

जगात निघणाऱ्या कोबाल्टपैकी ७० टक्क्यांहून अधिक एकट्या काँगोतून येतं. तांब्याच्या उत्पादनात तो चिलीनंतर दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला आहे. हे दोन्ही धातू मुख्यतः दक्षिणेकडच्या कटांगा पट्ट्यात, लुबुम्बाशी आणि कोल्वेझी या शहरांच्या आसपास मिळतात. पूर्वेला किवू प्रांतांमध्ये कोल्टन (ज्यातून टँटलम निघतं आणि तो मोबाइलपासून विमानापर्यंत सगळीकडे लागतो), कथील, टंगस्टन आणि सोनं. मध्यभागी कसाई नावाच्या भागात हिरे.

आणि हे फक्त जमिनीखालचं झालं. पाण्याच्या विसर्गात काँगो नदीच्या पुढे फक्त ॲमेझॉन. पावसाळी जंगलातही काँगो खोऱ्याच्या पुढे फक्त ॲमेझॉनच. जंगलाच्या मधोमध दलदलीखाली पीटचे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे, प्रचंड थर आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांत सुमारे ३० अब्ज टन कार्बन साठलेला असल्याचा अंदाज निघाला. ही दलदल दोन्ही काँगोंमध्ये विभागलेली आहे. ती सुकली, तर त्याची झळ साऱ्या जगाला लागेल.

मग लोक किती गरीब आहेत?

जागतिक बँकेच्या २०२४च्या अंदाजानुसार जवळजवळ तीन-चतुर्थांश लोक दिवसाला २.१५ डॉलरपेक्षा कमी पैशात जगतात. वीज साधारण पाचातल्या एका माणसापर्यंत पोहोचली आहे. बाकी आकडे पुढे जिथे लागतील तिथे देतो.

हे सगळं कधीपासून सुरू झालं? लिओपोल्डचं नाव नेहमी येतं, तो कोण?

लिओपोल्ड दुसरा, बेल्जियमचा राजा. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेच्या सुमारास युरोपातल्या सत्तांनी काँगोच्या खोऱ्यावरचा त्याचा हक्क मान्य केला. हा हक्क बेल्जियम देशाला मिळाला नव्हता. तो या एका माणसाला मिळाला. बेल्जियमच्या सुमारे ७५ पट मोठा मुलूख त्याच्या खाजगी मालकीचा झाला, आणि त्यात त्याने आयुष्यात एकदाही पाऊल ठेवलं नाही.

सुरुवातीला तिथून हस्तिदंत यायचा. मग १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर काढला आणि रबराला सोन्याचा भाव आला. काँगोच्या जंगलात रबराच्या रानवेली होत्या. लागवड नको, खत नको, फक्त माणसं हवीत. ती माणसं मिळवण्याची पद्धत अशी: शिपाई गावात येणार, बायकांना ओलीस धरणार, आणि पुरुषांनी ठरलेल्या वजनाचं रबर आणून दिलं की सोडणार. रबर कमी पडलं तर गोळी. शिपायांना काडतुसं मोजून दिलेली असत. गोळी शिकारीत वाया घालवली नाही याचा पुरावा म्हणून मेलेल्याचा उजवा हात कापून दाखवावा लागे. हिशेब जुळवायला पुढे जिवंत माणसांचेही हात कापले गेले.

१९०४ सालचा एक फोटो आहे. ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईने बारिंगा इथे काढलेला. व्हरांड्याच्या कडेला न्साला नावाचा माणूस बसला आहे आणि समोर जमिनीवर ठेवलेल्या दोन लहान वस्तूंकडे बघतो आहे. त्या वस्तू म्हणजे त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा, बोआलीचा, हात आणि पाऊल. रबर कंपनीच्या पहारेकऱ्यांनी तिला मारलं, आणि बापाने तिच्या देहाचा उरलेला भाग उचलून मिशनच्या दारात आणला. हा फोटो युरोप-अमेरिकेतल्या सभागृहांत पडद्यावर दाखवला गेला. त्याच वर्षी रॉजर केसमेंट या ब्रिटिश वाणिज्यदूताने लोकांच्या साक्षींसह आपला अहवाल दिला. अँटवर्प बंदरावर जहाजकंपनीचा कारकून असलेल्या ई. डी. मोरेलच्या लक्षात आलं होतं की काँगोहून जहाजं रबर आणि हस्तिदंत भरून येतात, जाताना मात्र बंदुका आणि दारूगोळा जातो. म्हणजे मालाच्या बदल्यात तिथल्या लोकांना काहीच मिळत नाही. जहाजांच्या कागदपत्रांतून गुलामी ओळखणारा हा माणूस मला फार मोलाचा वाटतो.

१९०८ साली बेल्जियमला काँगो राजाकडून आपल्याकडे घ्यावा लागला. तोवर किती माणसं गेली यावर इतिहासकारांत एकमत नाही, कारण आधीची जनगणनाच नव्हती. लक्षावधी गेली यावर वाद नाही. गोळीइतकेच उपासमार, रोग आणि गाव सोडून जंगलात पळणं याचे ते बळी होते.

पण बेल्जियमने रेल्वे, खाणी, शहरं बांधली. त्याचा फायदा झालाच ना?

रेल्वे बांधली, ती खाणीतून बंदराकडे जाणारी. १९०६ साली स्थापन झालेल्या ‘युनियन मिनिएर’ या कंपनीने कटांगातलं तांबं काढलं, एलिझाबेथव्हिल (आजचं लुबुम्बाशी) हे शहर त्यावर वाढलं. प्राथमिक शाळा मिशनऱ्यांनी बऱ्याच काढल्या, हेही मान्य करायला हवं. पण त्याच्या पुढचं शिक्षण जाणूनबुजून अडवलं. पहिलं विद्यापीठ १९५४ साली आलं. १९६० मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा एवढ्या मोठ्या देशात काँगोली पदवीधर जेमतेम काही डझन होते आणि सैन्यात एकही काँगोली अधिकारी नव्हता.

स्वातंत्र्यानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी सैन्याचा बेल्जियन प्रमुख जनरल यान्सेन्स याने सैनिकांसमोर फळ्यावर लिहिलं: ‘स्वातंत्र्यापूर्वी = स्वातंत्र्यानंतर’. सैनिकांनी बंड केलं. देशाचा पहिला आठवडाही शांततेत गेला नाही.

हिरोशिमाच्या बॉम्बचा काँगोशी संबंध होता, हे खरं का?

खरं आहे. कटांगातल्या शिंकोलोब्वे खाणीतलं युरेनियम खनिज इतकं कसदार होतं की काही ढिगांत युरेनियम ऑक्साइडचं प्रमाण ६० टक्क्यांच्या वर होतं. इतरत्र एक टक्कासुद्धा चांगलं मानतात. युनियन मिनिएरचा प्रमुख एडगर सेंजिए याने १९४० मध्ये त्यातलं हजारभर टनांहून जास्त खनिज न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर आणून ठेवलं. अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पाला लागलेल्या युरेनियमचा मोठा भाग शिंकोलोब्वेचा होता. ते हाताने खोदणाऱ्या, गोण्यांत भरणाऱ्या माणसांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत. युद्धाच्या इतिहासात ती माणसं आलीच पाहिजेत असं मला वाटतं.

लुमुंबा कोण होते? त्यांना का मारलं?

पॅट्रिस लुमुंबा हे देशाचे पहिले पंतप्रधान. आधी पोस्टात कारकून होते. ३० जून १९६० ला स्वातंत्र्याच्या समारंभात बेल्जियमचा राजा बोदुआँ याने लिओपोल्डच्या कार्याचा गौरव केला. कार्यक्रमपत्रिकेत लुमुंबांचं नाव नव्हतं, तरी ते उठले आणि लोकांनी भोगलेले अपमान, फटके, सक्तीची मजुरी यांची यादी राजासमोर वाचली. वय ३४.

अकरा दिवसांत, ११ जुलैला, खाणींचा कटांगा प्रांत मोइसे चोंबेच्या नेतृत्वाखाली फुटून निघाला. त्यामागे बेल्जियन अधिकारी आणि युनियन मिनिएरचा पैसा होता. देशाच्या तिजोरीत येणाऱ्या पैशाचा मोठा वाटा ज्या प्रांतातून यायचा, तोच गेला. लुमुंबांनी संयुक्त राष्ट्रांकडे मदत मागितली. ती पुरेशी मिळेना, तेव्हा सोव्हिएत विमानं मागवली. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत एवढं पुरेसं होतं. सप्टेंबरात कर्नल मोबुटूने सत्ता हातात घेतली. अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने लुमुंबांना विष देण्याची योजना आखली होती, हे १९७५ मध्ये अमेरिकन सिनेटच्याच समितीने उघड केलं. १७ जानेवारी १९६१ ला त्यांना कटांगात नेऊन, बेल्जियन अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत गोळ्या घातल्या. मृतदेह उकरून आम्लात विरघळवला. त्या कामावरच्या बेल्जियन पोलीस अधिकाऱ्याने एक दात स्वतःजवळ ठेवला.

तो दात जून २०२२ मध्ये ब्रुसेल्समध्ये लुमुंबांच्या मुलांकडे सुपूर्द झाला, मग शवपेटीत घालून काँगोभर फिरवला आणि किन्शासात त्यावर स्मारक उभं राहिलं. बेल्जियमने नैतिक जबाबदारी मान्य केली. कायदेशीर जबाबदारी वेगळी, ती अजून कुणावर शाबीत झालेली नाही.

भारताचा या सगळ्याशी काही संबंध आला का?

बराच आला. संयुक्त राष्ट्रांच्या १९६०-६४ च्या काँगो मोहिमेचं नेतृत्व काही महिने राजेश्वर दयाळ या भारतीय मुत्सद्द्याकडे होतं, आणि १९६१ पासून भारताची एक पूर्ण ब्रिगेड तिथे होती. ५ डिसेंबर १९६१ ला एलिझाबेथव्हिलच्या विमानतळाजवळ रस्ता अडवून बसलेल्या कटांगी फौजेवर कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया मूठभर गोरखा जवानांसह तुटून पडले. त्यात ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत परमवीरचक्र मिळालेले ते एकटेच. हवाई दलाची कॅनबेरा विमानंही तिथे लढली. आपल्याकडे डिसेंबर १९६१ म्हटलं की गोवामुक्ती आठवते. त्याच महिन्यात भारतीय सैनिक आफ्रिकेतल्या एका नव्या देशाची फाळणी रोखण्यासाठी जीव देत होते, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत अधिक ठळकपणे यायला हवी.

पुढे १९९९ नंतरच्या शांतिसेनेतही भारतीय तुकड्या दीर्घकाळ उत्तर किवूत राहिल्या आणि गोमा शहरात भारतीय लष्करी रुग्णालय चाललं. जुलै २०२२ मध्ये बुटेंबोत शांतिसेनेविरुद्ध लोकांचा उद्रेक झाला, त्यात सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मारले गेले. लोकांचा राग यावर होता की इतकी वर्षं राहूनही शांतिसेना त्यांचं रक्षण करू शकली नाही. त्या रागाला कारण होतं, आणि त्या जवानांचं मरणही तितकंच दुःखाचं आहे.

स्वातंत्र्याला साठ वर्षं उलटली. अजून किती दिवस गोऱ्यांना दोष देणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्त आहे. काँगोच्या स्वतःच्या सत्ताधाऱ्यांनी देश धुऊन काढला, हे कुठलाही काँगोली माणूस तुम्हाला आधी सांगेल.

मोबुटू १९६५ पासून १९९७ पर्यंत सत्तेवर होता. १९७३ मध्ये परदेशी लोकांची दुकानं, मळे, कारखाने काढून घेतले आणि आपल्या माणसांत वाटले. चालवता न आल्याने ते बुडाले. आपल्या पूर्वजांच्या गावी, गबादोलिते इथे, जंगलात महाल उठवले आणि काँकॉर्ड विमान उतरेल एवढी धावपट्टी बांधली. सरकारी खाणकंपनी जेकामिन १९८०च्या दशकात वर्षाला साडेचार लाख टनांच्या आसपास तांबं काढत होती. नफा ओरबाडला, यंत्रांच्या देखभालीला पैसा ठेवला नाही. १९९० मध्ये कामोटोची मोठी भूमिगत खाण खचली, आणि १९९४ च्या सुमारास उत्पादन ५० हजार टनांच्याही खाली आलं. कामगारांचे पगार थांबले, कंपनीचे दवाखाने आणि शाळा बंद पडल्या. आज हाताने खाणी खोदणाऱ्यांत त्या कामगारांची मुलं-नातवंडं आहेत.

पण त्याला पैसे कोण देत होतं? आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने १९७८ मध्ये एर्विन ब्लुमेंथाल या जर्मन बँकरला काँगोच्या मध्यवर्ती बँकेत बसवलं. १९८२ मध्ये त्याने लेखी कळवलं की इथे भ्रष्टाचार इतका मुरला आहे की कर्ज परत मिळण्याची आशा ठेवू नका. त्यानंतरही कर्जं मिळतच राहिली, कारण मोबुटू शीतयुद्धात पाश्चात्त्यांचा भरवशाचा माणूस होता. त्या कर्जाचं ओझं पुढच्या पिढीवर आलं. २०१० मध्ये सुमारे १२ अब्ज डॉलरची माफी मिळाली तेव्हा कुठे ते हललं.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट. कोफी अन्नान यांच्या अध्यक्षतेखालच्या आफ्रिका प्रोग्रेस पॅनेलने २०१३ मध्ये दाखवलं की २०१० ते २०१२ या काळातल्या अवघ्या पाच व्यवहारांत सरकारी खाणहक्क करमुक्त बेटांवरच्या कंपन्यांना कवडीमोलाने विकले गेले आणि देशाचं किमान १.३६ अब्ज डॉलर नुकसान झालं. हा आकडा देशाच्या आरोग्य आणि शिक्षणाच्या त्या वेळच्या एकत्रित वार्षिक खर्चाच्या दुप्पट होता. विकणारे काँगोचे, विकत घेणारे बाहेरचे, पैसे ठेवायची जागा युरोपच्या हाताखालची. म्हणून दोष कुणाचा, याचं उत्तर एकच नाव घेऊन देता येत नाही. २०२२ मध्ये ग्लेनकोर या बलाढ्य कंपनीने काँगोसह अनेक देशांत लाच दिल्याचं कबूल केलं आणि काँगोला १८ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं.

पूर्वेकडचं युद्ध नेमकं कशावरून?

सुरुवात १९९४ च्या, शेजारच्या रवांडातल्या वंशसंहारापासून होते. तुत्सी जमातीची कत्तल करणारे हुतू जमातीचे सैनिक आणि सशस्त्र टोळ्या दहा लाखांहून जास्त निर्वासितांच्या लोंढ्यात मिसळून पूर्व काँगोतल्या गोमा आणि बुकावूकडे आल्या. त्यांच्या मागावर १९९६ मध्ये रवांडाचं सैन्य घुसलं. रवांडा आणि युगांडाच्या पाठिंब्याने लॉराँ काबिला या बंडखोर नेत्याने १९९७ मध्ये मोबुटूला हुसकावलं. वर्षभरात काबिलाचं त्यांच्याशीच बिनसलं आणि १९९८ ते २००३ या काळात आफ्रिकेतले अनेक देश काँगोच्या भूमीवर लढले. १९९८ ते २००७ या काळात एरवी मेली असती त्यापेक्षा ५४ लाख माणसं जास्त मेली असा एक अंदाज आहे. तो काही अभ्यासकांना फुगलेला वाटतो. बहुतेक माणसं मलेरिया, जुलाब, कुपोषण यांनी गेली, कारण दवाखाना लुटलेला आणि शेत सोडलेलं.

जमिनीचे आणि नागरिकत्वाचे तंटे तिथे जुने आहेत, खनिज सापडण्याच्याही आधीचे. खनिजांनी या तंट्यांना पगार दिला. एकदा बंदूकधारी टोळीला खाणीवर कर लावता आला की तिला युद्ध थांबवण्याचं कारण उरत नाही. एम-२३ या बंडखोर गटाने एप्रिल २०२४ मध्ये रुबायाच्या कोल्टन खाणी ताब्यात घेतल्या. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या मते तिथून त्यांना महिन्याला सुमारे आठ लाख डॉलर कर मिळत होता आणि माल रवांडात नेऊन तिथल्या मालात मिसळला जात होता. रवांडाचे हजारो सैनिक या गटासोबत असल्याचंही त्यांनी नोंदवलं आहे. रवांडा हे नाकारतो. जानेवारी २०२५ मध्ये गोमा पडलं, फेब्रुवारीत बुकावू. २७ जून २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये दोन्ही देशांनी करार केला, तरी लढाई थांबली नाही.

एक गोष्ट मात्र झाली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युगांडाला ३२.५ कोटी डॉलर भरपाई द्यायला लावली. त्यातले ६ कोटी नैसर्गिक संपत्तीच्या लुटीबद्दल आहेत.

कोबाल्ट कसं काढतात? लहान मुलं काम करतात हे खरं का?

दोन प्रकारे काढतात. मोठा भाग यांत्रिक खाणींतून येतो. तिथे डंपर, कुंपण, कंपनी सगळं असतं. उरलेला, वर्षागणिक कमी-जास्त होणारा भाग, माणसं हाताने खोदतात.

कोल्वेझीत कासुलो म्हणून वस्ती आहे. २०१४ च्या सुमारास घराखाली कोबाल्ट असल्याचं कळलं आणि लोकांनी अंगणात, काहींनी चक्क खोलीच्या जमिनीतून, भुयारं पाडली. माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली तीस-तीस मीटर खोली, बाजूंना पाय टेकायला खोबण्या, कपाळावर बॅटरी, पायात प्लॅस्टिकच्या चपला. लाकडी टेकू नाहीत, पावसात माती बसली की संपलं. वर आलेलं खनिज बायका आणि मुलं डबक्यावर किंवा नदीवर धुतात, हाताने निवडतात. मुलं असतात, हो. ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने २०१६ मध्ये ते सविस्तर नोंदवलं आणि त्यानंतर जगाने त्याकडे बघायला सुरुवात केली.

मला सगळ्यात जास्त सलतो तो पुढचा टप्पा. पोती सायकलवर किंवा मोटारसायकलवर लादून खरेदीच्या ठेल्यावर नेतात. तिथे व्यापारी पिस्तुलासारखं एक यंत्र दगडाला लावतो. लोक त्याला मेटोरेक्स म्हणतात. पडद्यावर कोबाल्टचे टक्के येतात, फळीवर टक्क्यांप्रमाणे भाव लिहिलेला असतो, तेवढे पैसे हातावर. यंत्र व्यापाऱ्याचं, वजनकाटा व्यापाऱ्याचा. आकडा कमी दाखवतात अशी खोदणाऱ्यांची कायमची तक्रार, आणि तपासायला दुसरं यंत्र नाही. ज्याने जीव धोक्यात घालून माल काढला, त्याला आपल्या मालाची प्रत मोजण्याचा अधिकार नाही. शाळेची फी, पोराचं औषध, सगळं त्या एका आकड्यावर ठरतं.

मग मी मोबाइल किंवा इलेक्ट्रिक गाडी घेणं चुकीचं आहे का?

नाही. बहिष्काराने सगळ्यात आधी खोदणाऱ्याची रोजी जाते. शिवाय आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी असते, तिच्यात कोबाल्ट नसतंच. मोबाइलच्या बॅटरीत मात्र बहुधा काही ग्रॅम असतं. फोन बिघडला तर दुरुस्त करून वापरा आणि मेलेली बॅटरी कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. एवढं आपल्या हातात आहे.

चीन तिथे काय करतो आहे?

खाणी विकत घेतो आहे, आणि बऱ्याच आधीपासून. २०१६ मध्ये तेंके फुंगुरुमे ही प्रचंड खाण अमेरिकन कंपनीने चिनी कंपनीला २.६५ अब्ज डॉलरला विकली. अमेरिकेला तेव्हा काळजी वाटली नव्हती, आज वाटते. २००७-०८ च्या सिकोमिन करारात खाणींच्या बदल्यात रस्ते आणि दवाखाने द्यायचे होते. खनिज जात राहिलं, रस्ते मागे पडले. २०२४ मध्ये फेरवाटाघाटी होऊन बांधकामाची रक्कम सात अब्ज डॉलरपर्यंत वाढवली गेली. काँगोतून बाहेर पडतं ते अर्धवट प्रक्रिया केलेलं कोबाल्ट. शुद्धीकरण मुख्यतः चीनमध्ये होतं आणि खरी किंमत तिथे वाढते.

मालक बदलले म्हणून करार आपोआप चांगला होत नाही. बेल्जियम, अमेरिका, चीन, कुणीही असो, करारात काय लिहिलं आहे आणि ते कोण तपासतं, यावर सगळं ठरतं.

खनिजसंपत्ती हाच शाप असतो, असं अर्थतज्ज्ञ म्हणतात ना?

म्हणतात, पण मला ते पटत नाही. शाप म्हटलं की शाप देणारा अदृश्य होतो. बोट्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला, पुढच्याच वर्षी तिथे हिरे सापडले. सरकारने हिरे काढणाऱ्या कंपनीत निम्मी भागीदारी मिळवली आणि पैसा शाळा-रस्त्यांवर घातला. तिथेही विषमता आहे, पण देश उभा राहिला. काँगोला कोणी लुमुंबा जगवू दिला असता आणि कोणी ब्लुमेंथालचं ऐकलं असतं, तर हे दगड तेच राहिले असते आणि गोष्ट वेगळी झाली असती.

एवढी मोठी नदी असून वीज का नाही?

इंगा धबधब्यांवर १९७२ आणि १९८२ मध्ये दोन वीजप्रकल्प झाले, एकूण क्षमता सुमारे १,७७५ मेगावॉट. तिथून कटांगाच्या खाणींपर्यंत जवळपास १,७०० किलोमीटरची वाहिनी टाकली. वाटेतल्या गावांना त्यातून वीज देता येत नाही, वाहिनीची रचनाच तशी आहे. वर तारा आणि खाली रॉकेलचे दिवे. पूर्ण इंगाची क्षमता ४० हजार मेगावॉटच्या वर मानतात. २०२५ मध्ये जागतिक बँकेने इंगा-३ च्या तयारीसाठी २५ कोटी डॉलर मंजूर केले. ही वीज आधी कुणाला, हा प्रश्न आत्ताच विचारला पाहिजे.

आशा वाटावी असं काही आहे का?

आहे, आणि ती जमिनीच्या वर आहे.

डॉ. ज्याँ-ज्याक मुयेंबे १९७६ मध्ये यांबुकू गावात अनोळखी तापाच्या रुग्णांचं रक्त घ्यायला गेले, हातमोज्यांशिवाय. तोच इबोला. १९९५ मध्ये किक्विटमध्ये बरं झालेल्यांचं रक्त त्यांनी रुग्णांना दिलं, आणि तिथल्याच एका बऱ्या झालेल्या माणसाच्या प्रतिपिंडांवरून पुढे औषध तयार झालं. त्याची चाचणी काँगोतच, युद्ध चालू असताना झाली. २०२० मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. बुकावूच्या पांझी रुग्णालयात डॉ. डेनिस मुकवेगे यांनी बलात्कारात जखमी झालेल्या हजारो स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या, २०१८ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं.

२०१२ मध्ये गोमात तरुणांनी ‘लुचा’ ही अहिंसक चळवळ उभी केली. सरोवराच्या काठच्या शहराला नळाचं पाणी का नाही, ही त्यांची पहिल्या मागण्यांपैकी एक. त्यासाठी ते तुरुंगात गेले. लॉराँ काबिलाचा मुलगा, राष्ट्राध्यक्ष जोसेफ काबिला, याची मुदत २०१६ मध्ये संपूनही तो जाईना, तेव्हा अशा तरुणांनी आणि कॅथलिक चर्चच्या लोकांनी मोर्चे काढले, गोळ्या खाल्ल्या, आणि अखेर तो पुन्हा उभा राहिला नाही. २०१९ पासून प्राथमिक शिक्षणाची फी रद्द झाली. लाखो मुलं नव्याने शाळेत आली. वर्गांत दाटी आहे, शिक्षकांचे पगार रखडतात, पण मुलं वर्गात आहेत.

आणि गोमाचा चुकुडू. लाकडाची, दोन चाकांची, स्कूटरसारखी गाडी, चाकांना जुन्या टायरची पट्टी ठोकलेली. पोरं तिच्यावर एक गुडघा टेकून, कोबी-बटाट्याची किंवा कोळशाची कित्येक मणांची पोती घेऊन डोंगर उतरतात. गावातल्याच सुताराने बनवलेली, गावातच दुरुस्त होणारी. गोमाच्या एका चौकात तिचा पुतळा उभारला आहे. युद्धात बाजार चालू ठेवला तो या गाड्यांनी.

सरकार काही करतं आहे का?

२०१८ च्या खाणकायद्याने कोबाल्टवरचं स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) १० टक्क्यांवर नेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाव कोसळला तेव्हा राष्ट्राध्यक्ष फेलिक्स त्शिसेकेदी यांच्या सरकारने कोबाल्टची निर्यात थांबवली, आणि ऑक्टोबरपासून कोटा लावला: २०२६ साठी ९६,६०० टन. भाव वर गेले. आपल्या मालाची किंमत ठरवण्यात काँगोने हात घालण्याची ही दुर्मिळ वेळ होती. हा पैसा तिजोरीत किती आणि खिशात किती, ते यापुढे दिसेल. राज्यघटनेत बदल करण्याची भाषाही हेच सरकार करतं आहे. दोन मुदतींची मर्यादा २०२८ पर्यंत टिकते का, यावर तिथले तरुण डोळे लावून आहेत.

काँगोची बातमी वाचताना काय बघावं?

‘अमुक अब्ज डॉलरचा करार’ असा मथळा असेल तर आधी बघा की करार जाहीर केला आहे का. कायद्याने तो करावाच लागतो. मग बघा की शुद्धीकरणाचा कारखाना कुठे होणार आणि सरकारी कंपनीचा वाटा किती. शांतता कराराची बातमी असेल तर खाणी कुणाच्या ताब्यात राहिल्या ते वाचा. लोबितो रेल्वेची बातमी आली, ती अंगोलाच्या बंदरापर्यंत जाते, तर विचारा की तिच्यात प्रवासी डबे आणि शेतमालाला जागा आहे का. आणि बातमीत एखाद्या काँगोली पत्रकाराचं, डॉक्टरचं, खोदणाऱ्याचं म्हणणं नसेल, तर दुसरी बातमी शोधा. किन्शासा, गोमा, लुबुम्बाशी इथे पत्रकार जीव मुठीत धरून काम करतात. त्यांचं बरंचसं लिखाण फ्रेंचमध्ये असतं, पण मोबाइलवर भाषांतर करून व्यवस्थित वाचता येतं.